गावाचे बायोडेटा, माझं गाऱ्हाणं

माझ्या चुलत बहिणीचे दात फार सुंदर आहेत, हे आधीच सांगून टाकते. ती हसली की समोरचा माणूस आपण कशाला आलो होतो ते विसरतो. बायोडेटात दातांसाठी रकाना नसतो, एवढंच काय ते मला समाधान होतं.

मालवणात बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. दुकान माझं नाही. मालक कणकवलीला असतात, मधूनच येतात, मशीनवरची धूळ बोटानं पुसून बघतात आणि जातात. लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, लाइटची बिलं असं सगळं तिथे चालतं, पण मला लोक ओळखतात ते बायोडेटासाठी. शिकून आलेला एखादा ‘रेझ्युमे’ म्हणतो आणि मग हळूच विचारतो, “ता बायोडेटाच मां?” तेच ते, बस, असं मी म्हणते.

बसल्या बसल्या प्रत्येक जण तेच तीन शब्द सांगतो. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. मी ते लिहूनच घेत नाही. “ह्या सगळेच लिवतत,” मी म्हणते, “तू केलंस काय ता सांग.” तिथेच अडतं. आमच्याकडे आपल्या कामाबद्दल आपणच बोलणं म्हणजे फुशारकी. ‘करतंय थोडाफार’ याच्यापुढे गाडी जात नाही. मग मला खोदावं लागतं. समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणारा एक तरुण आला होता. काय येतं विचारलं तर म्हणाला, पोहूक येता. मालवणात पोहता येतं हे सांगणं म्हणजे जेवता येतं सांगण्यासारखं आहे. मी त्याला सोडलं नाही. शेवटी त्यानं सांगितलं की पाण्याला घाबरून रडायला लागलेल्या बायकांना तो आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं करतो, त्यांच्याशी त्यांच्या गावच्या गप्पा मारतो, आणि मग कधी खाली नेलं ते त्यांना कळतही नाही. हे मी लिहिलं. त्याला अंदमानात काम मिळालं. खारेपाटणची एक मुलगी भावाबरोबर आली होती. घरच्या दुकानात कुठला माल कधी संपणार हे तिला आधी कळायचं, आणि यात काही विशेष आहे असं तिला वाटतच नव्हतं. ते मी पहिल्या ओळीत घातलं. तिला रत्नागिरीत मोठ्या दुकानात घेतलं.

ही माणसं मला नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. गळ्यात ओळखपत्र, मागे काचेची इमारत. मी अंगठा पाठवते. मला आनंद होतो, खरंच होतो, पण तो पाचेक मिनिटं टिकतो. मग त्या फोटोतली खुर्ची मला दिसायला लागते आणि मी दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसते. सगळ्या गावाला मी बाहेर पाठवलं आणि आपण त्याच स्टुलावर. स्टुलाला पाठ टेकायलाही काही नाही.

काय केलंस ते सांग, हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. हे माझ्या बाबांचं आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस आपला थांबा आल्यावर दचकून उठायचा. निवृत्त झाल्यावर तो आवाज त्यांनी गाऱ्हाण्यांना दिला. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून माणसासाठी बोलणं. नवीन होडी, नवीन स्कूटर, मुलीचं लग्न, पोराची परीक्षा, काहीही असो, आधी गाऱ्हाणं घालायचं. एक जण बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. गप्प राहायची सोय नसते. जो उभा आहे त्यानं व्हय म्हणायचं.

बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला दुसऱ्या वाड्यांतली माणसंही थांबतात. ते देवाला कधी ‘हा चांगला माणूस आहे’ असं सांगत नाहीत. ते सांगतात, म्हाराजा, ह्यो तोच, ज्येना वादळात शेजाऱ्याची होडी आधी बांधल्यान नि मगे आपली. देवाला कळतं कोण ते. मी लहानपणापासून त्यांच्या मागे उभी राहून हे ऐकत आले आणि पुढे तेच टाइप करायला लागले.

फक्त बाबांचा एक नियम आहे. घरच्या माणसाचं गाऱ्हाणं ते घालत नाहीत. माझ्या दहावीला, माझ्या बी. कॉम.ला, आईच्या आजारपणात सुद्धा त्यांनी पलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला बोलावलं. तो म्हातारा तोंडातल्या तोंडात बोलायचा. देवाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. “आपल्या पोराचो मोठेपणा आपणच सांगलो तर देव म्हणतलो, ह्यो फुकटचो फुगता,” असं बाबा म्हणत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. इतक्या वर्षांत त्या आवाजात माझं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. पुतणी, म्हणजे माझी ही चुलत बहीण, मात्र घरची नव्हे. ती शेजारच्या घरात राहते, म्हणून तिची सगळी गाऱ्हाणी बाबांनीच घातली. अगदी तिच्या पहिल्या सायकलीचं सुद्धा. सायकल माझीच होती, मला लहान झाली म्हणून तिला दिली होती.

आता माझा स्वभाव वाचणाऱ्याच्या लक्षात आला असेल. असू दे.

झालं असं की तारकर्लीत नवीन रिसॉर्ट उभं राहिलं आणि त्यांना पाहुण्यांची व्यवस्था बघायला स्थानिक बाई हवी होती. दुकानातल्या बोर्डावर ती जाहिरात मीच लावली. लावता लावता वाचली आणि हात थांबला. घरापासून चालत जाण्यासारखं. समोर माडांची रांग आणि पाणी. बोलायचं काम, आणि पाठ असलेली खुर्ची. मी इतरांसाठी जे जे शोधत होते ते सगळं या एका कागदावर होतं. जाहिरात मी बोर्डावरून परत काढली, फोटो काढून घेतला आणि पुन्हा लावली. बाबांना सांगितलं नाही. मिळालं तर सांगू, नाही मिळालं तर कुणाला कळायला नको, असा साधा हिशोब.

दुसऱ्याच दिवशी बहीण दुकानात हजर. ती काही वर्षं गोव्याच्या हॉटेलात होती. काकीचे गुडघे गेले म्हणून परत आली, आणि आल्या आल्या सगळ्या वाडीची लाडकी झाली. आमच्या घरचं मांजरसुद्धा तिच्याकडे झोपतं. दूध आमच्याकडे पितं.

“ताई, ता तारकर्लीचा काम बगलंस? माझो बायोडेटा करून दी गो,” ती म्हणाली आणि हसली. दात सगळे दिसले.

 तेव्हाच सांगायला हवं होतं की मी पण तिथेच अर्ज करतेय. तोंडापर्यंत आलंही. पण तिच्या तोंडावर इतका भरवसा होता की मला चीड आली. हिला वाटलंच नाही की मला काही हवं असेल. मी म्हणजे बायोडेटा करून देणारी. मी स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, “बस. काय केलंस ता सांग.”

वाटेल तसा करून दिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण माझ्या हातून वाईट कागद बाहेर पडणं मला जमणारं नव्हतं. तो चांगुलपणा नव्हता, माज होता. आणि तिच्याकडे सांगण्यासारखं होतं हे आणखी वाईट. इतरांना खोदावं लागतं, ही भडाभडा बोलत होती. एकदा हॉटेलवाल्यांच्या घोळात एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. दोघंही सामान घेऊन काउंटरवर, दोघंही तावातावात. हिनं आधी दोघांच्या पोरांना खेळायला एकत्र पाठवलं, मोठ्यांना जेवायला बसवलं आणि जेवणं होईपर्यंत पलीकडच्या हॉटेलात तेवढीच चांगली खोली शोधली. जाताना दोन्ही कुटुंबांनी एकमेकांचे नंबर घेतले. एका परदेशी म्हाताऱ्याचा पासपोर्ट हरवला. सगळे खोली उलथीपालथी करत होते. ही म्हणाली, आजोबा सकाळी जिथे बसून पेपर वाचत होते तिथे बघा. तिथेच होता.

मी एकेक गोष्ट इंग्रजीत एकेका ओळीत बसवत गेले. ‘एकाच खोलीच्या दुहेरी आरक्षणाचा वाद, दोन्ही कुटुंबांना समाधानी ठेवून मिटवला.’ टाइप करताना माझी बोटं मला पटवून देत होती की हीच त्या खुर्चीला योग्य आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. हे मीच लिहिलं होतं. पान भरलं. एक शब्द फुकटचा नव्हता. मी आजवर केलेल्यांतला तो सगळ्यात चांगला बायोडेटा होता, आणि तो वाचून तिनं मला मिठी मारली. तिच्या केसांना खोबरेल आणि अबोलीचा वास होता. तो वासही छान होता.

ती गेल्यावर मी माझा करायला घेतला. नाव, शिक्षण, पत्ता हे भराभर झालं. मग ‘काय केलंस ते सांग’ म्हणायला समोर कुणी नव्हतं. झेरॉक्स काढते. अर्ज भरते. टाइप करते. हे कोण करत नाही? बराच वेळ पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत राहिली. बाहेर दोन गिऱ्हाइकं आधार कार्ड घेऊन ताटकळत होती. शेवटी मी घाईघाईत लिहिलं, मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, आणि ईमेल पाठवून दिला. पाठवल्यावर ते तीन शब्द माझ्याकडे बघत होते. एकदा गेलेला ईमेल परत येत नाही.

चांगला कागद हातात आला की आमच्याकडे पुढचं पाऊल ठरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण नारळ घेऊन बाबांपुढे उभी. बायोडेटाची प्रतही होती. “काका, गाराणा घालूक येवा,” ती म्हणाली. बाबांनी कागद लांब धरून वाचला, मराठी करून सांगायला लावला, पुन्हा ऐकला. “बरा लिवल्यान हा,” एवढं म्हणाले आणि सदरा चढवला. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मीही निघाले.

देवळात आम्ही चौघं. पुढे बाबा, त्यांच्या मागे बहीण, काकी आणि मी. बाबांनी डोळे मिटले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या धन्या, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मानून घी.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या माझ्या भावाचा चेडू. एकच खोली दोन पाव्हण्यांका दिली, दोघंय भांडूक उठले, तेव्हा हिणा तेंची पोरां खेळाक लावल्यान, मोठ्यांका जेवूक बसयल्यान नि भांडाण मोडल्यान.”

“व्हय म्हाराजा!”

‘भावाचा चेडू’, म्हणजे भावाची मुलगी, एवढं सोडलं तर माझी वाक्यं होती ती. मी जुळवलेली, त्याच क्रमानं. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी मी टपून बसले होते त्या आवाजात अखेर माझे शब्द आले, आणि ते तिच्यासाठी आले. मी व्हय म्हणत होते पण ओठांच्या आत. बाबा रंगात आले होते. पासपोर्ट झाला, काकीचे गुडघे झाले, आणि मग ते नेहमीच्या शेवटाकडे वळले.

“आनी म्हाराजा, हिच्या ह्या कामाच्या आड जो कोण येत आसात, घरचो आसांदे, भायरचो आसांदे, तेका बाजूक कर, नि हिची वाट मोकळी कर!”

काकी आणि बहीण एका सुरात म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!”

मी गप्प. हे वाक्य बाबा प्रत्येक गाऱ्हाण्यात घालतात, मला पाठ आहे. पण त्या दिवशी घरचो म्हणजे मी होते आणि ते फक्त देवाला आणि मला माहीत होतं. बाबांचा कान कंडक्टरचा आहे. कोण चढलं, कोण राहिलं, त्यांना न बघता कळतं. ते थांबले. वळले नाहीत, नुसते थांबले. काकीनं मला कोपरखळी मारली.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. चांगलं ऐकू जाईल असं म्हणाले. रागात माझा आवाज बाबांसारखा लागतो.

मुलाखतीला आम्ही दोघी एकाच बाकावर भेटलो. मला बघून ती आधी दचकली, मग खूश झाली. “ताई, तू पण? माका सांगलंस कसा नाय गो?” तिच्या जागी मी असते तर माझा चेहरा पडला असता. ती सरकली, मला पंख्याखाली जागा दिली आणि पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. मी म्हटलं, तहान नाही. घसा कोरडा पडला होता.

मॅनेजर बाहेरचा होता, तरुण, सभ्य. त्यानं माझा कागद बघितला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं आणि हिंदीत विचारलं, “तुम्ही मेहनती आहात असं लिहिलंय. मला कसं कळणार?” हा माझा प्रश्न होता. मी तो रोज विचारते. मी म्हणाले, “सर, काम देऊन बघा.” तो हसला आणि म्हणाला, बरं, कळवू. त्यानंतर बहीण आत गेली. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. मी थांबले नाही, चालत जाण्यासारखं अंतर असूनही रिक्षा केली.

काम तिला मिळालं, हे काही फार मोठं आश्चर्य नव्हे. फोन आला तशी ती आमच्या पडवीत धावत आली. बाबा पेज जेवत होते, मी त्यांना वाढत होते. तिनं बाबांच्या पाया पडून बातमी सांगितली आणि त्याच दमात म्हणाली, “काका, माका मेल्याहून मेल्यासारख्या झाला ओ. मुलाखतीक ताई पण इल्ली. आमी दोघी एकाच बाकड्यार बसलेलो.”

बाबांचा हात वाडग्यात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावत होते, ते जरा जास्तच घट्ट लावलं. बहिणीला आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं. ती काकीला सांगते म्हणून उठून गेली.

“माका सांगलंस नाय ता?” बाबा म्हणाले.

“सांगून काय करतलास? घरच्यांचा गाराणा तुमी घालणास नाय,” मी म्हणाले. हे इतकं पटकन आलं की जणू वर्षानुवर्षं दाराशीच उभं होतं.

“नाय घालणंय. पण आड येणाऱ्याक बाजूक कर असा तरी सांगलंय नसतंय.” त्यांनी वाडगा सरकवला. “माझ्याच तोंडान माझा चेडू बाजूक केलंय मी. नि तू व्हय म्हणालंस.”

“तुमी थांबलास म्हणान म्हणालंय.”

मी त्यांना समजावलं की त्या मॅनेजरला गोव्याचा अनुभव हवा होता, तिचा कागद चांगला होता, माझा वाईट होता, देवाचा यात काही संबंध नाही. ते ऐकत होते, पण पटलं नव्हतं. उलट त्यांनी विचारलं, “तुझो कागद वायट कसो? लिवतस तर तू.”  मला एकदम रडू आलं. काम गेल्याचं नव्हतं ते, किंवा होतंही. मी म्हणाले, “सगळ्यांसाठी तुमच्याकडे शब्द आसत. माझ्यासाठी तुमच्याकडे नाय, नि माझ्याकडे पण नाय.” आणि वाडगा उचलून आत गेले.

मागितलेलं मिळालं की देवाला पुन्हा नारळ द्यायचा असतो. रुजू व्हायच्या आदल्या सकाळी बहीण नारळ घेऊन आली. मी येणार नाही असं ठरवलं होतं. बाबा सदरा घालून अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, “चल.” बाकी काही नाही. मी चप्पल घातली. काकीचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही तिघंच गेलो.

बाबांनी पुतणीचं झटपट आटपलं. म्हाराजा, दिलंस, बरा केलंस, आता सांभाळ. व्हय म्हाराजा. त्यांच्या मानानं हे फारच थोडक्यात होतं. मग त्यांनी पिशवीतून दुसरा नारळ काढला. तो आमच्या माडाचा होता, मी ओळखला. तो त्यांनी पहिल्याशेजारी ठेवला, हात जोडले आणि म्हणाले,

“बा देवा म्हाराजा. ह्या माझा चेडू.”

बहीण मोठ्यानं म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

पुढे काहीच आलं नाही. बाबा तोंड उघडत, मिटत. सबंध गावाच्या होड्या, स्कुटरी, लग्नं ज्या तोंडानं पार पाडली ते तोंड बंद पडलं होतं. त्यांच्या मानेची शीर हलत होती. मला वाटलं, नाहीतच यांच्याकडे शब्द, मी म्हणाले ते खरंच होतं. तेवढ्यात ते बाजूला झाले आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला पुढे, आपल्या जागेवर उभं केलं.

“माका जमणा नाय,” ते म्हणाले. “तू सांग. काय केलंस ता सांग. मी व्हय म्हणतंय.”

आमच्याकडे बाईनं गाऱ्हाणं घालायची पद्धत नाही. मी मागे बघितलं. बाबा माझ्या जागेवर जाऊन उभे होते, हात जोडून, मान खाली. इतकी वर्षं मी जिथून त्यांची पाठ बघत होते तिथून ते आता माझी पाठ बघत होते. बहिणीनं डोळ्यांनी खुणावलं, बोल बोल.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हणाले. आवाज फाटला. “मी बाजारात दुकानात बसतंय.”

“व्हय म्हाराजा,” बाबा म्हणाले.

“ज्येंका आपल्याबद्दल बोलूक येणा नाय, तेंच्या तोंडातसून तेंचा काम काढून घेतंय नि कागदार घालतंय.”

“व्हय म्हाराजा!”

“कोण अंदमानाक गेलो, कोण रत्नागिरीक. कागद माझ्या हातचो. मी हयच रवलंय.”

“व्हय म्हाराजा!” बाबांचा आवाज आता त्यांचा आवाज झाला होता. देवळाच्या छपरावरची कबुतरं उडाली.

“आई आजारी होती तेव्हा तिका काय होया ता तिच्या डोळ्यांवरसून मी वळाखलंय.”

यावर बाबांना जरा वेळ लागला. पण आलं, “व्हय म्हाराजा.”

“ह्या माझ्या बहिणीचो कागद पण मीच लिवलंय. तिका काम माझ्या कागदान मिळाला.”

“व्हय म्हाराजा!” हे बहिणीनं बाबांच्या आधी म्हटलं, आणि तेही हसत. मला तेव्हासुद्धा तिचा हेवा वाटला. इतक्या सहज मला नसतं म्हणता आलं.

आता मागणं राहिलं होतं. इथे सगळे म्हणतात, सगळ्यांचं भलं कर. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. पण बाबा देवाला खोटं सांगत नाहीत आणि मी त्यांच्या जागेवर उभी होते.

“हिका काम दिलंस, माझ्या पोटात दुखता, म्हाराजा. हिचा बरा कर,” मी म्हणाले. मग श्वास घेतला. “पण फुडच्या खेपेक माझा आधी कर.”

 असं कुणी गाऱ्हाण्यात मागत नाही. बहिणीचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. मी वळले नाही, नारळाकडे बघत राहिले. बाबांनी घसा साफ केला.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले, मागच्या सीटपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.